लायडारचा टीआय आणि सोलापूरचा वारा

पवनचक्कीच्या नॅसेलवर, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या पेटीवर, बसवलेला लायडार (लेझरने वारा मोजणारं यंत्र) सरासरी वारा उत्तम मोजतो. टर्ब्युलन्सचं, म्हणजे वाऱ्यातल्या खळबळीचं, तसं नाही. दर दहा मिनिटांनी स्क्रीनवर जो टीआय (टर्ब्युलन्स इंटेन्सिटी) उमटतो, तो उचलून लोड रिपोर्टमध्ये, म्हणजे मशीनवरच्या भाराच्या अहवालात, टाकला की चूक ठरलेली. आणि सोलापूरच्या माळावर ही चूक वर्षभर एकाच बाजूला झुकत नाही, हे जास्त त्रासदायक. थंडीतल्या रात्री आकडा कमी येतो. पावसाने हवा धुतली की जास्त येतो. एप्रिल-मेच्या दुपारी, जेव्हा माणसाला माळावर उभं राहवत नाही, तेव्हा बराचसा बरोबर येतो. त्यामुळे वर्षभरासाठी एकच गुणक लावून मोकळं होता येत नाही.

टीआय म्हणजे दहा मिनिटांतल्या वाऱ्याच्या वेगाचं प्रमाण विचलन (सिग्मा) भागिले त्याच दहा मिनिटांची सरासरी. सरासरी ८ मीटर प्रति सेकंद आणि सिग्मा १.२ असेल तर टीआय १५ टक्के. आयईसी ६१४००-१ हे पवनचक्क्यांचं आंतरराष्ट्रीय मानक १५ मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्यातल्या टीआयवरून मशीनचे वर्ग पाडतं: ए म्हणजे १६ टक्के, बी १४, सी १२, आणि २०१९च्या आवृत्तीत वर आणखी एक, ए प्लस, १८ टक्क्यांचा. सी वर्गाचं मशीन ए वर्गाच्या वाऱ्यात उभं केलं तर ते पडत नाही, पण आयुष्य खातं. किती, याचा ढोबळ हिशोब असा. लोडचे चढउतार साधारण सिग्माच्या प्रमाणात वाढतात, आणि थकव्याने होणारं नुकसान त्या चढउतारांच्या घातात वाढतं. टॉवरच्या पोलादासाठी घातांक ४ धरतात, पातीच्या ग्लास फायबरसाठी १०. म्हणजे सिग्मा १० टक्क्यांनी चुकला तर टॉवरच्या नुकसानीचा अंदाज दीडपटीच्या आसपास चुकतो आणि पातीचा अडीचपटीहून जास्त. टीआयमधल्या एकेका टक्क्यासाठी एवढा आटापिटा का, ते यावरून कळेल.

नॅसेलच्या मागच्या अंगाला जो कप किंवा अल्ट्रासॉनिक ॲनिमोमीटर (वारामापक) असतो तो या कामाचा नाही. तो पात्यांच्या मागे असतो. पातीचं मूळ दर फेरीला तीनदा त्याच्यासमोरून जातं आणि त्याच्यापर्यंत पोचणारा वारा आधीच घुसळलेला असतो. हबच्या (पात्या जिथे जोडतात त्या मध्याच्या) उंचीचा मास्ट, म्हणजे मापनाचा खांब, हा जुना आणि आजही सर्वांत विश्वासाचा मार्ग. पण शंभर मीटरचा मास्ट, त्याला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारा, त्यांच्यासाठी तीन दिशांना लागणारी शेतजमीन, आणि वारा ज्या दिशेने येतो नेमका त्याच दिशेला तो उभा असण्याची गरज, हे सगळं जुळवता जुळवता हंगाम निघून जातो. लायडार मशीनबरोबर फिरतो. मशीन वाऱ्याकडे तोंड करतं तेव्हा लायडारही करतो.

प्रकाश, धूळ आणि डॉप्लर

लायडार सुमारे १.५५ मायक्रोमीटरचा इन्फ्रारेड लेझर सोडतो. या तरंगलांबीला डोळ्याला धोका कमी आणि टेलिकॉमचे फायबर-सुटे भाग सहज मिळतात, म्हणून बहुतेक उत्पादक तिथेच आहेत. हवेतल्या धुळीच्या, धुराच्या, परागांच्या कणांवरून थोडासा प्रकाश परत येतो. कण वाऱ्याबरोबर वाहत असतात, म्हणून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता सरकलेली असते (हाच डॉप्लर परिणाम): १ मीटर प्रति सेकंदाला सुमारे १.२९ मेगाहर्ट्झ. स्वच्छ हवेत लायडार आंधळा असतो, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा.

दोन जाती आहेत. पल्स्ड लायडार छोटे झोत सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर ठरवतो. एकाच वेळी ५० मीटरपासून ४०० मीटरपर्यंत दहा ठिकाणचा वारा मिळतो. २०० नॅनोसेकंदांचा पल्स हवेचा ३० मीटरचा तुकडा व्यापतो. विश्लेषणाची खिडकी त्यात मिसळली की प्रत्यक्षात ३० ते ६० मीटर लांबीची सरासरी हाती येते. कंटिन्युअस वेव्ह, म्हणजे अखंड किरणाचा लायडार, भिंगाने किरण एका अंतरावर केंद्रित करतो. त्याची मापनलांबी अंतराच्या वर्गाने वाढते. किरणाची त्रिज्या २८ मिलिमीटर धरली तर १०० मीटरवर ती साधारण १३ मीटर, २०० मीटरवर ५० मीटर. जवळ मोजायचं तर अखंड किरण, लांब मोजायचं तर पल्स, एवढं साधं आहे. विक्रेते ते साधं राहू देत नाहीत.

किरण कधीच सरळ मशीनच्या अक्षावर नसतो. दोन किरणांच्या यंत्रात ते अक्षाच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ अंशांवर असतात. चार किरणांच्या यंत्रात वरची आणि खालची अशी जोडी असते, अंदाजे अधिक-उणे ५ अंशांवर. अखंड किरणाचा लायडार शंकूच्या पृष्ठभागावर गोल फिरतो. प्रत्येक किरण फक्त स्वतःच्या दिशेतला वेग देतो. बाकीचं गणित.

छतावर चढवताना

नॅसेलच्या छतावर तिपाई किंवा ब्रॅकेट पक्क्या जागी बांधा. फायबरच्या छताला नुसता पॅच मारून भागत नाही, कारण छत थरथरतं आणि ती थरथर मापात उतरते. खालची स्टीलची फ्रेम शोधा. उचलायला नॅसेलमधला चेन होइस्ट पुरतो, पण वर आल्यावर हॅचमधून बाहेर काढताना काचेला धक्का लागतो. काचेवरचं झाकण तिपाई घट्ट होईपर्यंत काढू नका.

लायडार अक्षापासून जितका उंच, तितकी पातीची आडकाठी कमी. हिशोब करून बघा. अक्षाच्या ३ मीटर वर, पातीच्या मुळाची रुंदी २.५ मीटर धरली, तर त्या त्रिज्येचा परीघ सुमारे १८.८ मीटर आणि तीन पात्या मिळून अडवतात ७.५ मीटर. म्हणजे ४० टक्के वेळ किरण पातीवर आदळतो. तोच लायडार ४ मीटर वर नेला तर ३० टक्के. त्यात एक खोच आहे. पात्यांचा फेरा आणि लायडारचा ठोका जुळला तर नुकसान सगळ्या किरणांत सारखं वाटलं जात नाही. मिनिटाला २० फेरे घेणाऱ्या जुन्या छोट्या मशीनवर दर सेकंदाला बरोबर एक पाती समोरून जाते. लायडार सेकंदाला एकदा तोच किरण सोडत असेल तर तो किरण मिनिटन् मिनिटं अडलेला राहतो आणि दुसरा मोकळा. उपलब्धता किरणवार बघा, एकत्रित टक्केवारीवर जाऊ नका.

मग झुकाव. वारा जोरात आला की टॉवर मागे वाकतो आणि नॅसेलचं नाक वर होतं. ३०० मीटरवर अर्धा अंश म्हणजे २.६ मीटर. हब १०० मीटरवर असेल तर मास्टच्या मानकातली अडीच टक्क्यांची सवलत अडीच मीटरची, तीही ओलांडली. म्हणून मशीन थांबलेलं असताना लायडार किंचित खाली झुकवून ठेवतात, आणि तो हबच्या दोनतीन मीटर वर बसवलेला असतो याचाही हिशोब त्यातच धरतात. झुकाव मोजणारा सेन्सर यंत्रातच असतो. वर न्यायच्या आधी तो जमिनीवर सपाट टेबलावर आणि माहीत असलेल्या कोनात तपासून घ्या. थ्रस्ट, म्हणजे वाऱ्याचा मागे रेटा, सर्वांत जास्त असतो तो रेटेड वेगाच्या (ज्या वेगाला मशीन पूर्ण पॉवर देतं त्याच्या) जरा अलीकडे, म्हणून त्या वेगाला किरण हबच्या उंचीवर यावा असं बसवा.

घड्याळ. ही चूक इतकी मामुली आहे की कुणी बघत नाही. लायडार बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, स्काडा (मशीनच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली) भारतीय वेळेवर. फरक साडेपाच तासांचा, म्हणजे ३३० मिनिटांचा, आणि ३३० ला १० ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे दोन्हीकडच्या दहा-दहा मिनिटांच्या ओळी बरोबर जुळतात, फक्त चुकीच्या ओळी जुळतात. टेबलात एकही रिकामी जागा दिसत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे लायडारचा वेग आणि मशीनची पॉवर यांचा क्रॉस-कोरिलेशन काढा, म्हणजे एक मालिका दुसरीवर सरकवत जुळणी बघा. शिखर शून्यावर नसेल तर काहीतरी सरकलेलं आहे. शिवाय एका यंत्रात वेळेचा शिक्का दहा मिनिटांच्या सुरुवातीचा आणि दुसऱ्यात शेवटचा असतो, तेही याच वेळी सापडतं.

सिग्मा कुठे गळतो

आता मुख्य गोष्ट. मापनलांबी ५०-६० मीटर असली की त्याहून लहान भोवरे आपसात मिटून जातात. एसटीत बसून रस्त्याचा खडबडीतपणा मोजावा तसं: मोठे खड्डे कळतात, बारीक खडी कळत नाही. किती गळतं हे आयईसीच्या कायमल स्पेक्ट्रमवरून (कुठल्या मापाच्या भोवऱ्यांत किती चढउतार, ते सांगणाऱ्या सूत्रावरून) कागदावर काढता येतं. ६० मीटरपेक्षा उंच हबसाठी त्यातली लांबीची मोजपट्टी सुमारे ३४० मीटर. मग ६० मीटरपेक्षा लहान भोवऱ्यांत एकूण व्हेरियन्सचा (सिग्माच्या वर्गाचा) साधारण ९ टक्के हिस्सा येतो. तो सगळा गेला असं धरलं तर सिग्मा जेमतेम ५ टक्क्यांनी कमी. सोसण्यासारखं.

पण ३४० मीटर हा आकडा स्थिर नाही. रात्री जमीन थंड झाली, खालचा थर जड झाला की भोवरे लहान होतात. ती लांबी ६० मीटरवर आली तर तेच सूत्र सांगतं की व्हेरियन्सचा २७ टक्के हिस्सा लायडारच्या चाळणीतून निसटतो, आणि सिग्मा १५ टक्क्यांनी कमी दिसतो.

दुसरी गळती दोन किरणांच्या बेरजेतून होते, आणि ही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढचा वारा काढायला यंत्र दोन्ही किरणांच्या वेगांची बेरीज करून कोनाच्या कोसाइनच्या दुपटीने भागतं. १२० मीटर व्यासाच्या मशीनसमोर अडीच व्यासांवर, म्हणजे ३०० मीटरवर, दोन किरणांमधलं अंतर १६० मीटर भरतं, रोटरच्या (पात्यांच्या चक्राच्या) व्यासाहून जास्त. एका किरणात झोत आला तेव्हा दुसऱ्यात तो असेलच असं नाही. सरासरी घेताच चढउतार एकमेकांना खातात. समजा दोन जागांच्या वाऱ्यातला सहसंबंध ०.३ आहे. मग मिळणारा व्हेरियन्स खऱ्याच्या दोन तृतीयांश, आणि सिग्मा १८ टक्क्यांनी कमी. आडव्या वाऱ्याचे चढउतार यात थोडी भर घालतात, पण १५ अंशांना ती दीड-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही.

उपाय फुकटचा आहे: बेरीज करूच नका. एकेका किरणाच्या वेगाचा व्हेरियन्स काढा आणि दोन व्हेरियन्सची सरासरी घ्या. १५ अंशांच्या किरणात पुढच्या वाऱ्याचा वाटा ९३ टक्के असतो आणि आडव्याचा ७ टक्के. आडव्याचा सिग्मा पुढच्याच्या ०.८ पट धरला तर एका किरणाचा सिग्मा खऱ्या सिग्माच्या ९९ टक्क्यांजवळ पोचतो. डावा-उजवा मिळून सरासरी घेतल्याने दोन घटकांमधला सहसंबंधही रद्द होतो. सरासरी वाऱ्यासाठी बेरीज, सिग्मासाठी एकेक किरण, असं दोन ठिकाणी दोन गणितं ठेवा. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय नसेल तर किरणवार कच्चा डेटा उतरवून घ्या आणि पायथॉनमध्ये वीस ओळी लिहा.

मापनलांबीची गळती भरून काढायचा एक मार्ग अखंड किरणाच्या लायडारला आहे. डॉप्लर स्पेक्ट्रमचं शिखर बारीक नसतं, पसरट असतं, आणि तो पसरटपणा म्हणजेच त्या ५० मीटरमधल्या छोट्या भोवऱ्यांची नोंद. दहा किंवा तीस मिनिटांचे सगळे स्पेक्ट्रम प्रत्येकी एकाच क्षेत्रफळाला आणून सरासरी काढली तर त्या सरासरी स्पेक्ट्रमची रुंदी जवळपास पूर्ण सिग्मा देते. डेन्मार्कच्या रिसो इथे याकोब मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. अटी दोन: मापनलांबीत वारा एकीकडे जास्त, एकीकडे कमी असं असता कामा नये, आणि स्पेक्ट्रममधला नॉइज नीट कापलेला हवा. पल्स्ड लायडारला हे अवघड जातं. २०० नॅनोसेकंदांच्या पल्सची स्वतःचीच रुंदी दोनेक मेगाहर्ट्झ, म्हणजे दीड-पावणेदोन मीटर प्रति सेकंद. टर्ब्युलन्सचा पसरटपणा त्यात बुडून जातो.

सोलापुरात वर्ष कसं जातं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री आकाश स्वच्छ, जमीन पटकन गार. काळ्या मातीचं उघडं रान, रब्बीची ज्वारी, आणि वर शांत थर. खरा टीआय ५ टक्क्यांच्या घरात असतो, ७ मीटर प्रति सेकंदाला सिग्मा ०.३५. वर सांगितलेल्या दोन्ही गळत्या या वेळी सर्वांत मोठ्या. गंमत अशी की याच वेळी उलट दिशेची एक भरही पडते. टॉवर ०.३ हर्ट्झला १० सेंटिमीटर पुढे-मागे हलला तर लायडारला ०.१३ मीटर प्रति सेकंदाचा खोटा सिग्मा मिळतो. दिवसा १.२ च्या सिग्मात तो दिसतही नाही. रात्री ०.३५ चे तो ०.३७ करतो. दोन चुका एकमेकींना थोड्या झाकतात आणि आकडा बरा दिसतो, म्हणून फसू नका. नॅसेलच्या ॲक्सेलरोमीटरचा डेटा घेऊन ही भर वजा करा. दुसरं, अशा रात्री उंचीबरोबर वारा झपाट्याने वाढतो, त्यामुळे अर्ध्या अंशाचा झुकाव दिवसापेक्षा रात्री जास्त महाग पडतो.

मार्चपासून चित्र बदलतं. दुपारी जमीन तापते, गरम हवेचे लोट दोनतीन किलोमीटरपर्यंत चढतात, माळावर वावटळी उठतात. भोवरे किलोमीटरच्या मापाचे. त्यांच्यासमोर ५० मीटरची मापनलांबी किंवा किरणांमधलं १६० मीटरचं अंतर किरकोळ. हवेत धूळ भरपूर, ऊस तुटल्यावर पाचट पेटवलेलं असेल तर धूरही, म्हणून सिग्नल दणकट. लायडारसाठी हाच सर्वांत चांगला काळ. अडचण वेगळीच येते. वारा ५ मीटर प्रति सेकंद असेल तर दहा मिनिटांत ३ किलोमीटर हवा समोरून जाते, म्हणजे असे भोवरे दोन किंवा तीन. एवढ्यावर काढलेला सिग्मा एका दहा मिनिटांत ८ टक्के आणि पुढच्यात २० टक्के दाखवतो. यंत्र बिघडलेलं नाही, नमुना अपुरा आहे. या महिन्यांत एकेका आकड्यावर बोट ठेवू नये. वेगाच्या एकेका पट्टीत भरपूर नोंदी जमू द्याव्यात. काचेवर धूळ बसते तिचं काय करायचं, तर वायपरच्या टाकीत पाणी आहे का ते प्रत्येक सर्व्हिस भेटीत बघा. कोरड्या काचेवर वायपर फिरला की चरे पडतात आणि ते कायमचे.

वळीव आला की दहा मिनिटांत वारा ४ वरून १८ वर जातो. टीआय ४० टक्क्यांच्या पुढे. हा टर्ब्युलन्स नव्हे, वाऱ्याची चढण आहे. सरळ रेषेने उतार काढून टाकला की उरलेला सिग्मा साधारण होतो. पण ही नोंद फेकू मात्र नका. दिशा बदलत येणारा असा झोत मशीनसाठी टोकाच्या लोडची घटना असते. वेगळ्या फाइलमध्ये, कच्च्या डेटासकट ठेवा.

जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा, वर्षातल्या विजेचा मोठा वाटा याच महिन्यांतला. सोलापूर पर्जन्यछायेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८-१९ मध्ये ढगबीजनाचे प्रयोग इथेच केले ते त्यामुळेच. पाऊस कमी असला तरी जोराची सर झाली की हवेतले कण खाली बसतात आणि सिग्नल पडतो. पल्स्ड यंत्रात सिग्नल-नॉइजचा उंबरठा साधारण उणे २२-२३ डेसिबलवर ठेवतात. त्याच्या आसपास यंत्र कधीकधी नॉइजमधलंच एखादं शिखर वारा समजून उचलतं. सेकंदाला एक याप्रमाणे ६०० नोंदींत १५ मीटर प्रति सेकंदाने चुकलेली एकच नोंद असली तरी खरा १.२ चा सिग्मा १.३५ होतो, १२ टक्के जास्त. अशा तीन नोंदी असल्या तर १.६. सरासरी वाऱ्यात याचा मागमूसही लागत नाही, म्हणून पॉवर कर्व्ह (कुठल्या वेगाला किती वीज, तो आलेख) बघणाऱ्यांना हे कळत नाही.

गाळणी लावताना तीन सिग्माचा ठरलेला नियम लावू नका. खोट्या नोंदी बऱ्याच झाल्या की त्या सिग्मा फुगवतात आणि फुगलेल्या सिग्मात स्वतःच लपतात. मीडियनवर आधारलेली, तीस-चाळीस सेकंदांच्या सरकत्या खिडकीची गाळणी वापरा. सिग्नल कमी पण नोंदी खऱ्या असतील तर उरतो तो बारीक नॉइज. तो प्रत्येक नोंदीत स्वतंत्र असतो, म्हणून ऑटोकोरिलेशनच्या (नोंदी आपल्याच पुढच्या नोंदींशी किती जुळतात त्याच्या) आलेखात शून्य अंतरावर एक टोक वर आलेलं दिसतं. पुढच्या दोनतीन बिंदूंवरून वक्र मागे शून्यापर्यंत ओढा. टोक आणि वक्र यांतला फरक म्हणजे नॉइजचा व्हेरियन्स, तो वजा. प्रत्यक्ष सरीत चार किरणांच्या यंत्रात आणखी एक भानगड. थेंब ५-६ मीटर प्रति सेकंदाने खाली येतात, आणि ५ अंश झुकलेल्या किरणात त्यातला अर्धा मीटर उतरतो, वरच्या आणि खालच्या जोडीत उलट चिन्हाने. उंचीबरोबर वारा किती वाढतो याचा आकडा मग भलताच येतो. पावसातल्या नोंदी खूण करून बाजूला ठेवा.

पश्चिमेला काय पिकतं यावरही बरंच अवलंबून असतं. उजनीच्या कालव्याखालचा ऊस तीन मीटर उंच उभा असतो, त्याची खडबड (जमिनीचा वाऱ्याला होणारा अडथळा, लांबीत मोजलेला) साधारण उंचीच्या दहाव्या हिश्शाने, ०.३ मीटर. उघड्या रानाची ०.०३. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी टीआय ढोबळमानाने एक भागिले उंची आणि खडबड यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. ८० मीटरवर उघड्या रानावरून १२.७ टक्के, उसावरून १७.९ टक्के. म्हणजे सी वर्गाच्या जरा वरपासून जवळजवळ ए प्लसपर्यंतचा फरक नुसत्या पिकाने पडू शकतो. अर्थात उसाचा परिणाम ८० मीटरपर्यंत चढायला पश्चिमेला किलोमीटरभर तरी सलग फड हवा. दोन एकरांच्या तुकड्याने काही होत नाही. गाळप सुरू झालं, फड तुटले की हा परिणामही जातो. साइटच्या पश्चिमेचे फड कधी तुटले याची तारीख मापनाच्या वहीत असावी. बहुतेकांच्या वहीत ती नसते.

किती पुढे मोजायचं

रोटर वाऱ्याला आधीच अडवतो. साध्या सूत्राने, मशीन पूर्ण जोरात असताना, अडीच व्यासांवर वेग सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी, एका व्यासावर ३.५ टक्क्यांनी, अर्ध्या व्यासावर जवळजवळ १० टक्क्यांनी. सरासरी अर्ध्या व्यासावरची घेतली आणि तिने सिग्माला भागलं तर टीआय आपोआप फुगतो. शिवाय सिग्माही जागचा राहत नाही. नॅसेल लायडारने केलेल्या मापनांत अर्ध्या व्यासावर संथ चढउतारांचा व्हेरियन्स रेटेड वेगाच्या खाली १० टक्क्यांपर्यंत घटलेला आणि रेटेडच्या वर २० टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला आहे. म्हणून भागायची सरासरी कायम दोन-अडीच व्यासांवरची. सिग्मासाठी एक ते दीड व्यासाचं अंतर मला जास्त पटतं, विशेषतः अखंड किरणाच्या यंत्रात, कारण तिथे मापनलांबी अजून आवाक्यात असते.

शेजारचं मशीन पश्चिमेला असेल तर एक किरण त्याच्या सावलीत आणि दुसरा मोकळ्या वाऱ्यात, असं होतं. यंत्र याला तिरपा वारा समजतं आणि मशीन दहा अंश वाकडं उभं आहे असं सांगतं. त्यावर विसंबून कुणी यॉची (मशीनच्या तोंडाच्या दिशेची) दुरुस्ती केली तर मशीन खरंच वाकडं होतं. ओळखायची खूण: दोन किरणांचे सिग्मा शेजारी ठेवा. मोकळ्या वाऱ्यात ते जवळजवळ सारखे असतात. एक दुसऱ्याच्या दीडपट असला तर ती सावली. त्या दिशांचा पट्टा नकाशावरून आधीच काढून ठेवा.

आयईसी ६१४००-५०-३ हे नॅसेल लायडारचं मानक २०२२ मध्ये आलं. किरणाच्या वेगाचं कॅलिब्रेशन, झुकावाची तपासणी, अनिश्चिततेचा हिशोब हे त्यात व्यवस्थित आहे, पण भर सरासरी वाऱ्यावर आणि समोरचा वारा आडव्या पातळीत एकसारखा आहे या गृहीतकावर. सोलापूरच्या सपाट रानात ते गृहीतक बरंचसं टिकतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराच्या कड्यावर टिकत नाही, तिथे कड्यावरून वर चढणारा वारा दोन्ही किरणांना वेगवेगळं सांगतो.

भाड्याने किंवा विकत लायडार घेताना कराराच्या कागदात चार ओळी जास्त लिहून घ्या: किरणवार कच्च्या नोंदी मिळतील, प्रत्येक नोंदीचा सिग्नल-नॉइज मिळेल, झुकाव सेकंदासेकंदाला मिळेल, आणि अखंड किरणाचं यंत्र असेल तर डॉप्लर स्पेक्ट्रम साठवले जातील. शेवटच्यासाठी डिस्क मोठी लागते आणि विक्रेता कुरकुरतो. दहा मिनिटांच्या तयार फाइली तो आनंदाने देतो, पण त्यांत बेरीज आधीच झालेली असते, आणि एकदा झालेली बेरीज मागून सोडवता येत नाही.